बोटं बधीर, मग आग कशाची? : वाचकांची दुखणी, डॉक्टरांची उत्तरं

यावेळी तीनच पत्रं घेतोय. तिन्ही मार लागून जखम भरली पण नसेचं दुखणं मागं राहिलं अशा लोकांची आहेत. पहिलं लांबलचक आहे, तरी फारसं कापलं नाही, कारण त्यातले प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतात पण ओपीडीत मागं रांग लागलेली असली की विचारायला जीभ उचलत नाही.

प्रश्न : डॉक्टर साहेब नमस्कार. मी धारूर तालुक्यातला, वय ३८, बारा वर्षं झाली ऊसतोडीला जातो. गेल्या सीझनला फडात पहाटंच्या अंधारात कोयता सटकला अन् डाव्या मनगटाच्या वर चार बोटांवर, करंगळीच्या बाजूला खोल वार बसला. तिथल्याच एका डॉक्टरनं टाके घातले, चार दिवस खोपीवर बसलो अन् पुन्हा मोळ्या बांधायला लागलो. करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट मेल्यासारखं झालतं, पण वाटलं जखम भरली की येईल. तीन महिन्यांनी गावाकडं आल्यावर दाखवलं तर म्हणले नस तुटलीय, मग ऑपरेशन करून जोडली. त्याला आता पाच महिने झाले. गंमत बघा साहेब, करंगळीला चिमटा घेतला तर कळत नाही पण आतून निखारा ठेवल्यागत आग व्हायलीय. गोधडी लागली तरी करंट मारल्यासारखं होतं, परवा मालकिणीच्या बांगडीचा धक्का लागला तर ओरडलोच. रात्री तीन-तीनदा उठतो. दोन महिने ठणक्याच्या गोळ्या खाल्ल्या, पित्त वाढलं पण फरक शून्य. मग प्रेगाबालिन ७५ रात्रीची एक दिली, डोळेच उघडंनात, चक्कर यायची, दहा दिवस घेऊन सोडली. दुसऱ्यानं ड्युलॉक्सेटिन लिहून दिलंय, पण भाच्यानं मोबाईलवर बघितलं तर ती डिप्रेशनची गोळी निघाली. मला काय येड लागलंय का? पाकीट तसंच देवळीत ठेवलंय. तिसरा म्हणतो ॲमिट्रिप्टिलीन घ्या, स्वस्तात पडती. कोणती घेऊ? किडनी जाईल का? सवय लागंल का? दसऱ्यानंतर टोळी निघणार, मुकादम उचलीसाठी रोज फोन करायलाय, काय सांगू?

उत्तर : दादा, आधी येडाचं मिटवू. गोळीवर जे नाव चिकटतं ते ती पहिल्यांदा ज्या आजारावर चालली त्याचं असतं. प्रेगाबालिन फिटवर पण चालते, भाच्याला ते बी मोबाईलवर दिसलं असतं. ॲमिट्रिप्टिलीन १९६१ पासून डिप्रेशनवर दिली जातेय, पण आज ती डिप्रेशनपेक्षा कितीतरी कमी डोसमध्ये नसेच्या दुखण्यावर दिली जाते. आपल्या मणक्यातल्या मज्जारज्जूत दुखण्याला ब्रेक लावणारी सोय निसर्गानंच करून ठेवलीय, त्या ब्रेकला लागणारी रसायनं ड्युलॉक्सेटिन अन् ॲमिट्रिप्टिलीन वाढवतात. मूड सुधारायला पण तीच रसायनं लागतात म्हणून एकच गोळी दोन्हीकडं. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, अन् डॉक्टरनं तुम्हाला येड्यात काढलेलं नाही.

आता बधीर बोटात आग कशी. शेतातली तार तुटून खाली पडली की मोटर बंद पडते, पण तुटलेल्या टोकाला ठिणग्या उडतच राहतात, तसंच. तुमची तुटली ती अल्नर नस, करंगळी अन् अर्ध्या शेजारच्या बोटाची खबर तीच नेते. चिमट्याची खबर वर जात नाही म्हणून बोट बधीर, पण कापलेल्या जागी नस स्वतःच ठिणग्या टाकते अन् मेंदूला वाटतं बोट जळायलंय. वर मज्जारज्जू पण इतके दिवस ठिणग्या खाऊन हळवा होऊन बसतो, मग गोधडीच्या स्पर्शाला तो चटका म्हणून वाचतो. ठणक्याच्या गोळ्या, डायक्लोफिनॅकसारख्या, सूज उतरवतात. तुमच्या हातात आता सूज कुठंय? म्हणून फरक पडला नाही. अन् किडनीचं विचारलंत ना, तर किडनीला जो काय धोका होता तो त्या दोन महिन्यांत रोज खाल्लेल्या ठणक्याच्या गोळ्यांचा होता, तेही फडात उन्हात, पाणी कमी पिऊन. प्रेगाबालिन किडनी खराब करत नाही, ती किडनीवाटे बाहेर पडते एवढंच, त्यामुळं किडनी आधीच अधू असेल तर डोस कमी ठेवावा लागतो. एकदा किडनीची रक्ततपासणी, क्रिएटिनिन, करून घ्या, प्रश्न मिटला.

दहा दिवसांत प्रेगाबालिन सोडलीत त्याचा राग नाही, पण तिला नापास म्हणता येणार नाही. रोजची ७५ मिलिग्रॅम ही सुरुवात आहे, आग मारायला बहुतेकांना दिवसाला १५० ते ३०० लागतात, दोन वेळेला वाटून, अन् हळूहळू वाढवत. गुंगी सगळ्यात जास्त पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत असते, नंतर बऱ्याच जणांना कमी जाणवते. म्हणजे तुम्ही सगळा त्रास भोगून झाला अन् फायद्याची वेळ आली तेव्हा घरी निघालात. कुठलीही गोळी असो, पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे घेतल्याशिवाय तिचा निकाल लावू नये. डोसचे आकडे मी समजावं म्हणून लिहितोय, घरी वाढवायला नाही.

पण तुमच्या बाबतीत मी एक गोष्ट वेगळी तोलतो. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं काम तुम्ही करता. त्या फळीवर चक्कर आली तर? बँकेत खुर्चीवर बसणाऱ्याला मी प्रेगाबालिन बिनधास्त देतो, पहिले पंधरा दिवस जांभया देईल, काय बिघडतंय. तुम्हाला देताना हात आखडतो. म्हणून माझं मत सांगायचं तर देवळीतलं पाकीट खाली काढा. ड्युलॉक्सेटिननं गुंगी त्या मानानं कमी येते, सुरुवातीला मळमळ होते म्हणून जेवणाबरोबर घ्यायची, बहुतेक आधी ३० अन् आठवडाभरानं ६० करतात. मात्र फोडायच्या आधी लिहून देणाऱ्या डॉक्टरला तीन गोष्टी सांगा : बीपी आहे का, कावीळ किंवा लिव्हरचं काही झालं होतं का, अन् संध्याकाळची किती होते. तिसऱ्याचं उत्तर लाजून अर्धवट देऊ नका. दारू अन् ड्युलॉक्सेटिन दोन्हीचा भार लिव्हरवर पडतो, रोज पिणाऱ्याला ती देत नाहीत. अन् सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जीव घाबरा झाला, मन भलतंच सैरभैर झालं तर गप्प बसू नका, लगेच सांगा.

ॲमिट्रिप्टिलीन वाईट नाही बरं का, तिसऱ्या डॉक्टरनं चुकीचं सांगितलेलं नाही. रात्री आठच्या सुमारास १० ची एक, झोप लागते, खिशाला परवडते. तोंड कोरडं पडतं, संडासला कडक होतं, पहाटं डोकं जड राहतं. तुमचा दिवस चारला सुरू होतो म्हणून मी तिला दुसरा नंबर दिला, नाहीतर रात्री तीनदा उठणाऱ्याला पहिली तीच द्यावीशी वाटते. फक्त ड्युलॉक्सेटिन अन् ती, दोन्ही दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवरून एकदम सुरू करू नका, कुणीतरी एकानंच दोन्हीकडं बघितलेलं असावं.

आता हे सगळं घेऊन होणार काय ते पण खरं सांगतो, कारण शून्य होईल या आशेनं लोक दर पंधरा दिवसाला डॉक्टर बदलतात. २०१५ साली लॅन्सेट न्यूरॉलॉजी या मासिकात जगभरातल्या चाचण्या एकत्र करून हिशोब छापून आला होता. साखरेच्या गोळीनं जेवढ्यांना बरं वाटतं ते वगळून, एकाचं दुखणं निम्म्यावर यायला किती जणांना औषध द्यावं लागतं, असा तो हिशोब, म्हणजे आकडा जितका लहान तितकं औषध सरस. ॲमिट्रिप्टिलीनच्या घराण्यात साधारण ४, ड्युलॉक्सेटिनच्या अन् प्रेगाबालिनच्याच जातीच्या गॅबापेन्टिनच्या साधारण ६, प्रेगाबालिनच्या जवळपास ८. जुन्या चाचण्या बऱ्याच लहान होत्या त्यामुळं त्या चारवर नाचायची गरज नाही, पण एकच गोळी सगळ्यांना लागू पडत नाही एवढं यातून कळतं. पहिली नाही लागू पडली तर दुसरी बघायची, त्यात डॉक्टर मूर्ख ठरत नाही अन् तुमचं नशीब पण फुटकं नाही.

निकाल कसा लावायचा? दहापैकी किती दुखतंय असं विचारलं की माणूस त्या दिवशीच्या मूडवर आकडा सांगतो. त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली रात्री किती वेळा उठलो तेवढं लिहा, अन् एक काम ठरवा, समजा डाव्या हातानं बादली धरणं किंवा म्हशीची धार काढणं, ते जमलं तर टिक. महिन्यानं तीनचं एक झालं अन् आठवड्यात चार टिका आल्या तर गोळी कामाची. आगीचा तिसरा हिस्सा गेला तरी आम्ही डॉक्टर लोक त्याला चांगला फरक म्हणतो, तुम्हाला तो थोडा वाटेल.

सवयीचं : नशा लागते तशी ओढ ड्युलॉक्सेटिनची लागत नाही, पण अंगाला तिची सवय होते, एकदम बंद केली तर गरगरतं, चिडचिड होते, अंगातून झटके गेल्यासारखे वाटतात. म्हणून उतरवताना पायरी पायरीनं, डॉक्टरला विचारून. प्रेगाबालिन पण तशीच उतरवायची. जन्मभर घ्यायची असं कुणी ठरवलेलं नाही, सहा महिने बरं गेलं की कमी करून बघतात.

अन् आता एक काम मी सगळ्या गोळ्यांच्या वर ठेवतो, ते फुकट आहे. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणजे महिन्याला एक इंच धरा, सुरुवातीचा महिनाभर आळसात जातो. मनगटाच्या वर चार बोटांपासून करंगळीच्या टोकापर्यंत आठ-नऊ इंच अंतर आहे, तुमचे पाच महिने झालेत, म्हणजे नस अजून वाटेत आहे! बघायचं कसं, तर उजव्या हाताच्या बोटानं करंगळीकडून वर जखमेकडं हलक्या टिचक्या मारत या. जिथं टिचकी मारल्यावर करंगळीत मुंग्या पळतात तिथपर्यंत नस पोचली. तिथं बॉलपेनानं खूण करा, मनगटाच्या घडीपासूनचं अंतर दोरीनं मोजून कॅलेंडरात लिहा, पुढच्या एक तारखेला पुन्हा मोजा. खूण पुढं सरकली तर आगीतला काही भाग नस वाढतानाचा आहे, वाट बघण्यात अर्थ आहे. दोन-तीन महिने खूण हललीच नाही अन् जखमेवरच दाबलं की जीव जातो, तर तिथं नसेची गाठ झाली असू शकते, मग गोळ्या बदलत बसण्यापेक्षा ज्यांनी नस जोडली त्या सर्जनकडं जा.

गोधडी सहन होत नाही त्याला घरचा उपाय आहे, हाताचे फिजिओ हेच करून घेतात. पहिले काही दिवस कापसानं दोन-तीन मिनिटं हलकं फिरवायचं, मग जुन्या धोतराचा मऊ कपडा, मग टॉवेल. ते सोसायला लागलं की डब्यात ज्वारी घेऊन त्यात हात घालून बोटं हलवायची, दिवसातून तीन-चारदा पाच-पाच मिनिटं. माझ्याकडं येणाऱ्या एका बाईनं ज्वारीच्या आधी राजगिरा घेतला, म्हणे बारीक असतो, टोचत नाही. मला सुचलं नव्हतं, आता मी सगळ्यांना सांगतो. हात झाकून जपून ठेवला की दुखणं जास्त हळवं होतं. फक्त चुलीपासून अन् चहाच्या ग्लासपासून जपा, करंगळी भाजली तरी कळणार नाही, रोज रात्री बोट उजेडात बघा.

उचलीचं. खुर्चीत बसून घेऊ नका लिहिणं मला सोपं आहे, पेरणीचं कर्ज मला फेडायचं नाही. पण डाव्या हातानं ऊस घट्ट धरायचा अन् उजव्यानं कोयता मारायचा, त्यात डाव्याची पकड अर्धी अन् बोटं बधीर, पुन्हा पहाटंच्या थंडीत आग दुप्पट. दुसरा वार बसायला वेळ लागत नाही. जायचंच पडलं तर नवराबायकोचा पूर्ण कोयता म्हणून उचल घेऊ नका, अर्ध्या कोयत्यावर, म्हणजे एकट्याच्या हिशोबानं बोला अन् तोडणी सोडून काय काम मिळतं ते आधीच ठरवा, फडात गेल्यावर कोण ऐकतंय. खरं तर हा सीझन चुकवता आला तर चुकवा, नस याच महिन्यांत बोटापर्यंत पोचायचीय.

प्रश्न : मी औसा तालुक्यातून लिहितेय. आमचे सासरे, आबा, वय ६७. १९९३ च्या भूकंपात भिंत उजव्या पायावर पडली होती, तेव्हापासून त्या पायात चमका अन् आग आहे, पण त्यांनी ती सवयीची करून घेतली होती. दोन वर्षांपासून दोन्ही तळपायांची आग व्हायलीय. डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलीन दिली तर तिसऱ्या दिवशी लघवी अडकली, नळी घालावी लागली, प्रोस्टेट वाढलंय म्हणले. ती गोळी बंद केली. मग दुसऱ्या दवाखान्यात प्रेगाबालिनची गोळी दिली, पुन्हा लघवी तुंबली! आता आबा कुठलीच गोळी घेईनात. काय करावं?

उत्तर : ताई, त्या दुसऱ्या गोळीचं पाकीट घरात असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा. माझा अंदाज आहे की तिथं प्रेगाबालिन ७५ च्या पुढं अधिकचं चिन्ह असेल अन् नॉरट्रिप्टिलीन १० लिहिलेलं असेल. आपल्याकडं ही जोडगोळी खूप चालते. नॉरट्रिप्टिलीन म्हणजे ॲमिट्रिप्टिलीनची सख्खी बहीण, जरा सौम्य, पण लघवी अडवायचा गुण तिच्यातही आहे. दुसऱ्या दवाखान्यात पहिल्या गोळीचं नाव कुणी सांगितलं नसेल, त्यांनी विचारलं नसेल, दोन्हीकडून राहिलं. आता आबांच्या फाईलवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा : ॲमिट्रिप्टिलीन अन् नॉरट्रिप्टिलीन, या दोन गोळ्यांनी लघवी अडते. ड्युलॉक्सेटिननं पण क्वचित लघवीला जोर लावावा लागतो, तेव्हा ती पण विचारूनच.

पण मला गोळीपेक्षा दुसऱ्या पायाची काळजी वाटते. भिंत उजव्या पायावर पडली होती, मग डावा का जळायला लागला? तीस वर्षांपूर्वीचा मार दुसऱ्या पायात जात नाही. दोन्ही तळपायांची सारखी आग म्हणजे आधी शुगर बघायची, उपाशीपोटी, जेवणानंतरची अन् तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, त्याबरोबर बी१२ अन् क्रिएटिनिन. आबा बरीच वर्षं शुगरची मेटफॉर्मिन घेत असतील तर बी१२ कमी असण्याची शक्यता वाढते. कमी निघालं तर बी१२ नं फायदा होईल. पण निघालं नाही तरी ताकदीच्या म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या वर्षानुवर्षं खायच्या हे करू नका, त्यातलं बी६ फार झालं तर ते स्वतःच नस खराब करतं.

साधी, एकटी प्रेगाबालिन कमी डोसनं पुन्हा देऊन बघता येईल, किडनीचा रिपोर्ट बघून. पायाला सूज येते का लक्ष ठेवा, बीपीची ॲम्लोडिपिन चालू असेल तर ती पण सूज आणते अन् मग दोघी एकमेकींवर ढकलतात. रात्री उठताना आधी खाटेवर बसायचं, मग उभं राहायचं, या वयात खुब्याचं हाड मोडणं परवडत नाही. उजव्या पायाची जी जुनी, एकाच जागेची आग आहे तिला लावायचं औषध चालतं, लिडोकेनचं जेल किंवा मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मलम. कॅप्सेसिन पहिले काही दिवस आगीत तेल ओतल्यासारखं वाटतं, रोज तीन-चारदा नेमानं लावत राहिलं तरच उतरतं. आखाड्यावर मिरच्या खुडून आलेल्या हातानं डोळा चोळला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, लावून झालं की हात साबणानं धुवा. पायाला भेग किंवा जखम असेल तर लावायचं नाही.

प्रश्न : सर मी जालन्याचा, वय २६, पिकअप चालवतो. दोन महिन्यापूर्वी बाईकवरून पडलो, खांदा अन् मान ताणली गेली, हाड मोडलं नाही. हातात रात्रंदिवस करंट मारल्यासारखं होतं. प्रेगाबालिन चालू आहे, तेवढ्यानं भागत नाही म्हणून मित्रानं ट्रॅमाडॉल आणून दिली ती पण घेतो. गाडी चालवली तर चालंल का? हात अजून खांद्यातून उचलत नाही, पण मालिश चालू आहे.

उत्तर : गाडी नाही, भाऊ. दोन्ही गोळ्या गुंगीच्या आहेत, एकत्र घेतल्या तर श्वास मंदावतो, त्यात दारू पडली तर झोपेतून माणूस उठत नाही. ट्रॅमाडॉल २०१८ पासून नशेच्या औषधांच्या कायद्यात आहे, मित्राकडून घ्यायची वस्तू नाही ती. रोज घेत असाल तर आज झटक्यात टाकू नका, डॉक्टरला खरं सांगून उतरवा.

पण तुम्ही खरी बातमी शेवटच्या ओळीत लिहिलीत. हात उचलत नाही! बाईकवरून खांद्यावर पडल्यावर मानेतून हाताकडं येणारा नसांचा जुडगा, ब्रॅकियल प्लेक्सस, ताणला जातो नाहीतर मुळातून उपटतो. उपटला असेल तर मालिशनं जोडला जात नाही, अन् त्याचं ऑपरेशन तीन ते सहा महिन्यांच्या आत झालं तर चांगलं, नंतर स्नायू वाळत जातात अन् नस जोडून पण हात हलत नाही. तुमचे दोन महिने गेले. नसांचं काम करणारे प्लास्टिक सर्जन किंवा हाताचे सर्जन गाठा, ते मानेचा एमआरआय अन् नसांची तपासणी, एनसीव्ही-ईएमजी, करायला सांगतील. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत आधी ऑर्थोला दाखवलं तरी ते पुढं कुठं जायचं ते लिहून देतात. जुने एक्स-रे अन् ट्रॅमाडॉलचं पाकीट सोबत न्या, हात झोळीत बांधून न्या, अन् पिकअप घेऊन जाऊ नका, एसटीनं जा.